फुकट, मुक्त आणि अबू धाबीचा ससाणा

मंडळी, इंग्रजीची एक गंमत आहे. फुकटालाही 'फ्री' आणि मोकळ्यालाही 'फ्री'! रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली, तेव्हापासून हा फरक समजावून सांगण्यातच त्यांचा जन्म गेला म्हणा ना. मराठीत त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे आपले काम सोपे.

मुक्त सॉफ्टवेअर कोणीही वापरावे, आतले वाचून बदलावे, वाटावे आणि बदललेलेही वाटावे. १९९८ साली 'ओपन सोर्स'ची व्याख्या ठरली. तिच्या पहिल्याच कलमात रॉयल्टी मागायला मनाई आहे. हा काही सरकारी कायदा नव्हे, जगभरच्या प्रोग्रॅमर मंडळींनी पाळलेला रिवाज आहे.

मी राहतो त्या अमिरातीत या रिवाजाची परीक्षा झाली. मे २०२३ मध्ये अबू धाबीच्या टेक्नॉलॉजी इनोव्हेशन इन्स्टिट्यूट या सरकारी संस्थेने 'फाल्कन ४०बी' (फाल्कन म्हणजे ससाणा) हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे मॉडेल 'ओपन सोर्स' म्हणून जाहीर केले. परवान्यात मात्र मेख होती: त्यातून वर्षाला १० लाख डॉलरच्या वर कमाई झाली, तर १० टक्के रॉयल्टी!

आता अट घालणे हे काही पाप नव्हे. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा तीत कोणी आपली ओवी घालू नये असे बजावलेच होते. पण अट असेल तर तिला मोकळीक म्हणू नये. प्रोग्रॅमर मंडळींचा आक्षेप नेमका हाच होता. संस्थेने मेअखेरीस रॉयल्टी रद्द करून अपाची २.० हा परवाना लावला.

या परवान्याची खुबी अशी की अटी पाळणाऱ्याला दिलेली मोकळीक देणाऱ्याला परत घेता येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच संस्थेचे 'फाल्कन १८०बी' आले ते पुन्हा स्वतःच्या अटींसह; ते चालवून इतरांना सेवा म्हणून पुरवायचे तर वेगळी परवानगी हवी. ४०बी मात्र मोकळे ते मोकळेच राहिले.

दर दोन वर्षांनी राहण्याचा परवाना नव्याने काढणाऱ्या आम्हा परदेशस्थांना परवानगी आणि हक्क यांतला फरक कोणी शिकवायला नको. उद्या पुण्यात किंवा लातुरात कोणी अशा मॉडेलवर मराठीसाठी काही उभारणार असेल, तर त्याने किंमत नंतर बघावी, परवाना आधी वाचावा. फुकट मिळालेले देणाऱ्याच्या मर्जीवर टिकते. मुक्त मिळालेले आपले होते.