किडनी वाचवणारी तार

'अँजिओ' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर हार्टच येतं. कुणाचे तरी काका, दोन ब्लॉकेज, एक स्टेंट वगैरे. पण मांडीतून बारीक नळी सरकवून आतल्या आत दुरुस्ती करायची ही विद्या किडनीच्याही कामी आली आहे. ती गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, म्हणून आजचा हा वीकांती खटाटोप.

आधी रोग समजून घेऊ. रक्ताचा नेहमीचा रस्ता असा: धमनी, मग केसाहून बारीक केशवाहिन्या, मग शीर. कधीकधी मधल्या केशवाहिन्या गाळून धमनी आणि शीर यांचा थेट जोड तयार होतो. याला फिस्टुला म्हणतात. धमनीतलं जोरदार दाबाचं रक्त सरळ शिरेत घुसतं. जोड छोटा असेल तर पत्ताही लागत नाही. मोठा असेल तर लघवीतून रक्त जातं, बीपी वाढतं, हृदयावर ताण येतो. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा एकट्या किडन्यांकडे जातो, तेव्हा ही गळती किती मोठी असू शकते बघा.

किडनीतल्या अशा फिस्टुलाची पहिली नोंद १९२८ सालची. तेव्हा तो दुर्मिळ प्रकार होता. पुढे १९५१ मध्ये कोपनहेगनच्या इव्हरसेन आणि ब्रुन या डॉक्टरांनी सुईने किडनीचा बारीकसा तुकडा काढून तपासायची पद्धत, म्हणजे बायॉप्सी, प्रसिद्ध केली. निदान करणं कितीतरी सोपं झालं. पण सुई जाताना शेजारशेजारची धमनी आणि शीर दोन्ही टोचल्या गेल्या, तर तिथे फिस्टुला होऊ शकतो. बहुतेक आपोआप बुजतात. जे बुजत नाहीत त्यांचं काय? त्या काळी उत्तर एकच, ऑपरेशन. धमनी बांधा, किडनीचा भाग कापा, नाहीतर अख्खी किडनीच काढा. आता गंमत (खरं तर कसली गंमत!) बघा: बायॉप्सी कुणाची करतात? जिची किडनी आधीच बिघडली आहे तिची. म्हणजे ज्याला किडनी गमावणं सगळ्यात महागात पडणार, त्याच्यावरच ही पाळी.

सुटकेचा रस्ता भलतीकडूनच आला. १९२९ मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावात वेर्नर फोर्समान नावाच्या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच दंडाच्या शिरेतून एक नळी थेट हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत एक्स-रे काढून घेतला. ती नळी कुठली, तर मूत्रवाहिनीत घालायची! कौतुक सोडाच, त्याला टीकाच झेलावी लागली. पुढे बुवा युरॉलॉजिस्ट झाले आणि १९५६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

मग १९५३ मध्ये स्टॉकहोमच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगरने एक साधी युक्ती मांडली. धमनीत सुई घाला, सुईतून तार सरकवा, सुई काढून घ्या, तारेवरून नळी सरकवा. बस्स. चिरफाड नाही. ही कल्पना इतकी सोपी होती की तेवढ्यावर पीएचडीचा प्रबंध होणार नाही असं त्याला सांगितलं गेलं, आणि त्याने प्रबंध दुसऱ्याच विषयावर केला. आज जगभरच्या कॅथलॅबमध्ये रोज हीच युक्ती चालते.

आता आतपर्यंत पोचता येत होतं, पण तिथे जाऊन करायचं काय? १९७३ मध्ये बुकस्टाइन आणि गोल्डस्टीन यांनी 'रेडिऑलॉजी' या जर्नलमध्ये बायॉप्सीनंतरचा किडनीचा फिस्टुला नळीतूनच बुजवल्याचं प्रसिद्ध केलं. भोक पाडलं सुईने, बुजवलंही सुईच्याच वाटेने! त्या काळी बुच म्हणून बरेचदा रोग्याच्याच रक्ताची गुठळी वापरत. पण गुठळी कालांतराने विरघळते. मग १९७५ मध्ये जानतुर्को आणि सहकाऱ्यांनी स्टीलची कॉइल आणली. नळीत सरळ तार, बाहेर पडली की स्प्रिंगसारखी गुंडाळी, आणि तिला लोकरीचे धागे, म्हणजे रक्त त्यावर गोठावं. लोकरीचे धागे! मला हे वाचून फारच भारी वाटलं.

धोके आहेतच. किडनीच्या धमन्यांना पर्यायी रस्ता नसतो. एक फांदी बंद केली की तिच्यावर जगणारा भाग मेलाच. त्यामुळे बुच जितकं आत, जितक्या बारीक फांदीत, तितकं नुकसान कमी. आणि जोड रुंद असेल तर कॉइल त्यातूनच निसटून शिरेत, तिथून हृदयात आणि फुप्फुसात जाऊ शकते. पुढे आलेल्या जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या मायक्रोकॅथेटरमुळे आणि जागेवर बसल्याची खात्री पटल्यावरच सोडता येणाऱ्या कॉइल्समुळे हे दोन्ही धोके बरेच कमी झाले.

माझ्या मते खरा बदल यंत्रात नाही, प्रश्नात झाला. आधी प्रश्न होता, 'किडनी काढायची का?' आता प्रश्न आहे, 'किडनीचा किती छोटा तुकडा गमवावा लागेल?' आम्ही प्रोग्रॅमरसुद्धा एका बगसाठी अख्खं मॉड्यूल उडवायला टपलेले असतो, पण मॉड्यूल पुन्हा लिहिता येतं. किडनीचं तसं नाही. म्हणून घरात कुणावर कधी अशी वेळ आलीच, तर 'हे नळीतून होईल का?' एवढं डॉक्टरांना नक्की विचारा. उत्तर दरवेळी 'हो' असेलच असं नाही, पण प्रश्न विचारायला तर पैसे पडत नाहीत.