चराचे पाणी जाते कुठे?

आमच्या कृष्णाकाठी रानावर पांढरा पापुद्रा दिसू लागला की जुनी माणसे म्हणत, ‘मीठफुटी लागली.’ १९७०च्या सुमारास आमच्याही उसाच्या रानाला ती लागली. वडिलांनी कडेने खोल चर खणून पाणी ओढ्यात सोडले. तीन पावसाळ्यांत रान सुधारले. पुढे ओढ्याकाठच्या खालच्या वस्तीवरील आडाच्या पाण्यात डाळ शिजेनाशी झाली. तिथल्या कन्नड आजी ‘उप्पु नीरु’ एवढेच म्हणत. त्याचा अर्थ मला पुढे इतिहास वाचताना उमगला.

हे सारे नीरेच्या खोऱ्यात आधीच घडून गेले होते. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला आणि बारामतीच्या कोरडवाहू मुलखात ऊस उभा राहिला. काळ्या जमिनीत पाणी मुरते, पण लवकर निचरत नाही. भूजल वर चढले. उन्हाने पाणी उडाले आणि त्यातले क्षार वरच राहिले. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवर पुस्तिकाच लिहिली. १९१६ साली सरकारने पाणथळ जमिनींच्या प्रश्नासाठी पाटबंधाऱ्यांचा खास विभाग काढला. (खडकवासल्याच्या आजच्या जलसंशोधन केंद्राचे मूळ तेच!) उपाय ठरला निचऱ्याचा.

उपाय खराच, पण चर मीठ नाहीसे करत नाही, ते हलवतो. नीरेकाठचे मीठ नीरेत, नरसिंगपूरला भीमेत आणि पुढे कृष्णेत. आता त्यात खतांतला नत्रही विरघळून येतो. मातीखालच्या नळातून येणारे पाणी नितळ दिसते म्हणून फसगत होते.

कॅलिफोर्नियात या फसगतीचा कळस झाला. तिथे शेतांखालचे पाणी समुद्राकडे नेण्यासाठी कालवा काढला. पैसा आणि संमती, दोन्ही अपुरी पडली आणि तो केस्टरसनच्या तळ्यांपाशीच थांबला. १९८३ साली तिथल्या पाणपक्ष्यांची पिले विद्रूप निपजू लागली. मातीतले सेलेनियम त्या पाण्यातून आले होते. १९८६पर्यंत तो प्रवाह बंद करावा लागला.

वडील असताना एकदा मी त्यांना आडाची गोष्ट सांगितली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्यांच्याकडे आपल्या विहिरीचं पाणी पोचवत जा.” ती विहीर चराच्या वरच्या अंगाला होती.