नारू : आफ्रिकेतील ग्रामीण प्रादुर्भाव व आरोग्यशिक्षण

पाण्यावाटे होणारा एक कृमिरोग. ड्रॅकन्क्युलस मेडिनेन्सिस या गोलकृमीमुळे तो होतो. या कृमीची मादी दोऱ्यासारखी बारीक, परंतु सुमारे एक मीटरपर्यंत लांब असते. साचलेल्या पाण्यातील सायक्लोप्स नावाच्या सूक्ष्म जलजंतूच्या शरीरात कृमीचे डिंभ (अळ्या) वाढतात. असे पाणी न गाळता पिण्यात आले म्हणजे जंतू जठरात मरतो, मोकळे झालेले डिंभ आतड्याची भिंत भेदतात, आणि सुमारे वर्षभर कसलीही चाहूल लागू न देता मादी त्वचेखालून बहुधा पायाकडे उतरते. तेथे फोड येऊन असह्य आग होते. ती शमविण्यासाठी रोगी पाय पाण्यात बुडवितो, फोड फुटतो, आणि लाखो डिंभ त्याच पाणवठ्यात उतरतात. सायक्लोप्सचा हा संबंध रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सेय फेदचेंको यांनी १८७० च्या सुमारास मध्य आशियात उलगडला.

या रोगावर गुणकारी औषध नाही व लसही नाही. एकदा होऊन गेल्याने प्रतिकारशक्तीही येत नाही. बाहेर आलेले कृमीचे टोक काडीला गुंडाळून रोज थोडेथोडे ओढावयाचे, आणि तो तुटू नये म्हणून आठवडेच्या आठवडे जपावयाचे, हाच प्राचीन काळापासूनचा उपाय. पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळतो; आग्नेय नायजेरियातील भातशेतीच्या मुलखात या रोगाने वर्षाकाठी सुमारे २ कोटी डॉलरांचे नुकसान होत असल्याचा अंदाज १९८७ साली करण्यात आला होता.

१९८६ मध्ये, जेव्हा आफ्रिका व आशिया मिळून सुमारे ३५ लक्ष लोक दरवर्षी या व्याधीने पीडित होत होते, तेव्हा जागतिक आरोग्य परिषदेने तिच्या उच्चाटनाचा ठराव केला आणि अमेरिकेतील कार्टर सेंटरने मोहिमेची धुरा उचलली. पाणी गाळण्याचे बारीक विणीचे कापड, गुराखी व प्रवासी यांना गळ्यात अडकविता येईल अशी गाळणीची नळी, तळ्यात टाकावयाचे टेमेफॉस हे रसायन, आणि रोग्याला पाणवठ्यापासून दूर ठेवण्याचा बंदोबस्त, एवढीच सामग्री हाती होती. ती लोकांच्या गळी उतरविणे हेच खरे कार्य, आणि ते हुकूम, ताकीद किंवा दवंडी यांनी साधणारे नव्हते. नारू पाण्यातून येतो हेच कित्येक गावांना मान्य नव्हते. कोणी तो रक्तातच असतो म्हणत, कोणी जादूटोण्याचा परिणाम मानीत, आणि जेथे तळे हे पूर्वजांचे पवित्र स्थान होते तेथे त्यात रसायन घालणे हा उघड अधर्म वाटे. अशा ठिकाणी आरोग्यसेवक गावच्याच तळ्याचे पाणी काचेच्या भांड्यात घेऊन उन्हासमोर धरीत. त्यात टुणटुण हलणारे पांढुरके ठिपके वडीलधाऱ्यांना भिंगातून दाखवीत, मग तेच पाणी कापडातून गाळून पुन्हा दाखवीत. शंभर व्याख्यानांनी न होणारे काम या प्रात्यक्षिकाने झाले. तथापि पाणी भरणाऱ्या स्त्रियांपैकीच स्वयंसेविका घरोघर जाऊ लागल्या नसत्या, तर ते टिकते ना.

राज्यकर्त्यांचाही हातभार लागला. नायजेरियाचे माजी राष्ट्रप्रमुख याकुबू गोवन स्वतः खेड्यापाड्यांत फिरले. १९९५ मध्ये सुदानातील यादवी युद्धात अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या मध्यस्थीने, मुख्यतः याच कार्यासाठी, सुमारे सहा महिने शस्त्रसंधी झाली. १९८८-८९ च्या पाहणीत साडेसहा लाखांहून अधिक रोगी आढळलेल्या नायजेरियात २००८ नंतर, आणि घानात २०१० नंतर, एकही रोगी आढळला नाही. महाराष्ट्रातील पायविहिरींच्या गावांनाही चांगलाच परिचित असलेला हा रोग भारतात १९९६ मध्ये अखेरचा दिसला.

२०२३ मध्ये जगभरात अवघे १४ रोगी नोंदले गेले. मात्र चाड देशात, जेथे दहा वर्षांच्या खंडानंतर २०१० साली रोग पुन्हा आढळला, तेथे २०१२ पासून कुत्र्यांनाही मोठ्या संख्येने बाधा होत असल्याचे उघडकीस आले, आणि ही बाधा मासळीतून होत असावी अशा संशयाने शिक्षणाचा पाठ बदलावा लागला : मासळीची आतडी उघड्यावर न टाकता पुरावी, मासे नीट शिजवावे, बाधित कुत्रा कृमी पूर्ण निघेपर्यंत बांधून ठेवावा, खबर देणाऱ्यास रोख बक्षीस मिळते.