उपासाची भगर आणि भंडारदऱ्याचं जेवण

मागच्या जूनमधली गोष्ट. ऑफिसातले आम्ही पाच जण काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो होतो. रात्री हॉटेलात मेनूकार्ड उघडलं तर पनीर टिक्का, व्हेज कोल्हापुरी आणि हक्का नूडल्स. म्हणजे पुण्यात आमच्या ऑफिसखाली मिळतं तेच. (आम्ही मुकाट्याने पनीर खाल्लं, हेही कबूल करतो.)

दुसऱ्या दिवशी रतनवाडीच्या वाटेवर एका घरी आधी सांगून जेवलो. नागलीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, ठेचा, भात. मी उगाच शहाणपणा केला, "मावशी, वरई पण पिकते ना इथे? आमच्याकडे उपासाला लागते."

मावशी हसल्या. "तुमी उपासाला खाता. आमी पोट भरायला खायचो."

हे वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून पुढचे दोन विकांत वाचनात घालवले. त्याचा हा सारांश.

अहमदनगर (2024 पासून अधिकृतपणे अहिल्यानगर) म्हटलं की आपल्याला ऊस आणि साखर कारखाने आठवतात. पण याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. (विदर्भातलं अकोला नव्हे!) महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, 1646 मीटरचं कळसूबाई, इथलंच. इथे महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती. खाचरात भात आणि पातळ मातीच्या उतारावर नागली, वरई, खुरासणी, अशी इथली शेती. फांद्या, पालापाचोळा, शेण पसरून जाळायचं, त्याला राब म्हणतात. पाऊस आला की त्या जागेत बी टाकायचं आणि रोपं मोठी झाली की उपटून लावायची. नागलीला सहसा कीड लागत नाही, नीट ठेवली तर काही वर्षं टिकते. वाईट सालासाठी घरात ठेवायला याहून चांगलं धान्य नाही.

आता हे वाचून 'किती सुंदर, निसर्गाशी एकरूप जीवन' वगैरे वाटत असेल तर थांबा. एकोणिसाव्या शतकात याच डोंगरातल्या लोकांच्या जमिनी सावकारांच्या कर्जापायी जात होत्या. देवगावच्या राघोजी भांगरेंनी 1840 च्या दशकात सावकार आणि इंग्रज सरकार, दोघांविरुद्ध बंड केलं. 2 मे 1848 रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. म्हणजे पिकवणारा एक आणि खाणारा दुसरा, हे इथे जुनंच आहे.

मग आलं धरण. खालच्या पठारी तालुक्यांत दुष्काळ पाचवीला पुजलेला. त्यांना पाणी देण्यासाठी प्रवरा नदीवर भंडारदऱ्याला 1910 मध्ये काम सुरू झालं आणि 1926 मध्ये संपलं. 82 मीटर उंचीचं हे दगडी धरण मुंबईचा गव्हर्नर लेस्ली विल्सनच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. पाणी उताराने खाली जाणार, हे उघड आहे. कालवे संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडे गेले. तिथे ऊस उभा राहिला. 1950 मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्याचं कौतुक आपण शाळेत शिकलोच आहोत, आणि ते योग्यच आहे. पण पाऊस ज्यांच्या डोंगरावर पडला ते उतारावर नागलीच लावत राहिले. आज ज्याला आपण 'अस्सल स्थानिक' म्हणून शोधत फिरतो, ते मुद्दाम कुणी जपलं असं नाही. तिथवर कालवा पोचला नाही, म्हणून ते उरलं.

पण बियाणं मात्र डोंगरावर पोचलं. भंडारदऱ्याच्या रस्त्यावर 'गावठी इंद्रायणी' असं सांगून तांदूळ विकतात. मीही पाच किलो आणला. नंतर कळलं, इंद्रायणी म्हणजे आंबेमोहर आणि फिलिपिन्सच्या आयआर-8 चा संकर, मावळातल्या भात संशोधन केंद्रात तयार होऊन 1987 मध्ये प्रसारित झालेला! तांदूळ उत्तम आहे, तक्रार नाही. पण इथले खरे जुने वाण म्हणजे काळभात, जिरवेल, रायभोग. पीक कमी, म्हणून मागे पडलेले.

कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं काम इथे महत्त्वाचं आहे. शाळेत न गेलेल्या या बाईंनी भात, वाल, घेवडा, रानभाज्या यांचं बी मातीच्या गाडग्यांत राखेबरोबर साठवायला सुरुवात केली. पुढे मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये स्थापन केलेल्या बायफ या संस्थेची साथ मिळाली आणि गावात बियाणे बँक उभी राहिली. 2018 मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं आणि 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आमच्या भाषेत सांगायचं तर हा बॅकअप आहे. फरक इतकाच की हार्ड डिस्क कपाटात ठेवून चालतं, बी मात्र दर काही वर्षांनी पेरावंच लागतं, नाहीतर ते मरतं. आणि पेरलेलं कुणीतरी खावं लागतं.

इथे आपला संबंध येतो. आपण जातो जूनमध्ये, काजव्यांना. तेव्हा घरातलं गेल्या वर्षीचं धान्य संपत आलेलं असतं आणि नवं अजून पेरायचं असतं. कुर्डू, करटोली अशा रानभाज्या पाऊस स्थिरावल्यावर मिळतात. नागली, वरई दिवाळीच्या आगेमागे घरात येते. म्हणजे 'इथलं काही मिळतच नाही' ही तक्रार करायला आपण नेमका चुकीचा महिना निवडतो :)

तेव्हा पुढच्या वेळी जाताना एक दिवस आधी कुणाच्या तरी घरी फोन करा, सध्या शेतात काय आहे ते विचारा, जे असेल ते खा. भाताचं नाव विचारा. आणि भाकरीचे पैसे देताना पनीर टिक्क्याचा भाव आठवा, घासाघीस करू नका. काळभात परवडला तरच कुणी लावणार.

मावशींना पुन्हा येतो म्हणून सांगून आलोय. दिवाळीनंतरचा शनिवार ठरवतोय. कोण कोण येणार?