बलुतेदारी

बलुतेदारी : गावकीची कामे वंशपरंपरेने करणाऱ्यांना शेतकऱ्याने सुगीत खळ्यावर धान्याचा वाटा देण्याची महाराष्ट्रातील पद्धत. सुतार नांगर-पाभर दुरुस्त करी, लोहार फाळाला धार लावी. मोबदला पेंढ्यांच्या व सुपांच्या मापाने मिळे. या पद्धतीला परस्परपूरक सहकार म्हटले जाते. पैशाची चणचण असलेल्या गावात तिने कारागिराला उपासमारीपासून वाचवले, हे खरेच. पण देवघेव म्हणजे समता नव्हे. त्रिं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांच्या वाट्यानुसार ओळी दिल्या आहेत; त्यांत महार मोठ्या वाट्याच्या थोरल्या ओळीत, तर भट धाकट्या ओळीत आहे, तरीही अस्पृश्यता महारांच्या वाट्याला आली. म्हणजे प्रतिष्ठा कामाच्या उपयुक्ततेवर नव्हे, जन्मावर ठरे. पुढे मुंबई राज्यात गावकीच्या कामांशी जोडलेले वंशपरंपरागत हक्क, म्हणजे कनिष्ठ गाव वतने, १९५८ च्या कायद्याने रद्द झाले.