रेडिओ मार्गनिर्देशन, वैमानिकीय

रेडिओ तरंगांच्या साहाय्याने विमानाचे स्थान, दिशा व अंतर ठरवून ते इष्ट मार्गावर ठेवण्याच्या तंत्राला वैमानिकीय रेडिओ मार्गनिर्देशन म्हणतात. जहाजाचा कप्तान शंका आल्यास नांगर टाकून थांबू शकतो. विमानाला थांबता येत नाही आणि इंधनाची मर्यादा तर सतत असतेच. ढग, धुके वा अंधार यांमुळे जमीन दिसेनाशी झाली, की वैमानिकाजवळ होकायंत्र, घड्याळ व वेगमापक एवढीच साधने उरत. वाऱ्याचा अंदाज चुकल्यास दोन-तीन तासांच्या उड्डाणात ५०–६० किमी. इतकी चूक सहज होई.

भारतातील नियमित हवाई टपाल वाहतूक १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांच्या कराची–मुंबई उड्डाणाने सुरू झाली. त्या एका एंजिनाच्या पस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. रेल्वेचे रूळ, नद्या व समुद्रकिनारा पाहतच मार्ग काढावा लागे आणि उड्डाणे साहजिकच दिवसाउजेडी होत. पाश्चात्त्य देशांत मात्र या सुमारास दोन पद्धती रूढ होत होत्या. पहिलीत विमानाने संदेश प्रेषित करावा आणि जमिनीवरील दिशाशोधक केंद्राने त्याची दिशा मोजून ती विमानास कळवावी, अशी योजना होती. बेलिनी व तोसी यांनी १९०७ मध्ये केलेल्या आकाशक-रचनेवर ती आधारलेली होती. दुसरी अमेरिकेतील ‘रेडिओ रेंज’ पद्धती होय. हिच्यात दोन लगतच्या क्षेत्रांत मॉर्स लिपीतील ‘ए’ व ‘एन’ ही अक्षरे सतत प्रक्षेपित केली जात. ती एकमेकांना पूरक असल्याने दोन्ही क्षेत्रांच्या सीमारेषेवर सलग स्वर ऐकू येई व तोच विमानाचा मार्ग असे. वैमानिक हा मार्ग अक्षरशः कानांनी शोधत असत.

नागपूर व वर्धा जिल्हा : भारताच्या नकाशावर दिल्ली–चेन्नई व मुंबई–कोलकाता या सरळ रेषा काढल्या, तर त्या वर्धा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, हिंगणघाटच्या परिसरात, एकमेकींना छेदतात. नागपूरच्या सोनेगाव विमानतळाला जे महत्त्व आले त्याचे मूळ या भूमितीत आहे. ३० जानेवारी १९४९ रोजी सुरू झालेली रात्रीची हवाई टपाल योजना याच भूमितीवर उभी होती. मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई (तेव्हाचे मद्रास) येथून टपाल घेऊन निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्यास प्रारंभ झाला. ही रात्रसेवा १९७३ पर्यंत चालू होती.

टपालाच्या सोयीचे वर्णन नेहमी होते. त्यामागील वैमानिकांच्या अडचणीचे क्वचितच होते. या चार शहरांपासून नागपूरचे हवाई अंतर सु. ६८० ते ९८० किमी. आहे. डाकोटा विमानाला एवढ्या मार्गासाठी अडीच ते पावणेचार तास लागत आणि वाटेत सातपुड्याच्या रांगा, जंगले व विरळ दिव्यांची गावे यांशिवाय खूण अशी नसे. त्या काळी मुख्य साधन म्हणजे मध्यम कंप्रतेचे सर्वदिशी प्रेषक (एन. डी. बी.) व विमानातील रेडिओ होकायंत्र हे होते. प्रेषकाकडून सर्व दिशांना सारखेच तरंग जातात. विमानातील वलयाकृती आकाशक ते कोणत्या बाजूने येत आहेत हे ओळखतो आणि तबकडीवरील काटा प्रेषकाकडे रोख धरतो. साधन स्वस्त व सुटसुटीत. परंतु त्याचे दोन दोष नेमके या सेवेच्या मुळावर येणारे होते. सूर्यास्तानंतर या कंप्रतेचे तरंग आयनांबरावरून परावर्तित होऊन येतात आणि जमिनीलगत आलेल्या तरंगांत मिसळल्याने काटा डोलू लागतो [→ आयनांबर]. यास ‘रात्र-परिणाम’ म्हणतात. जमिनीवरील दिशाशोधकांपुरता त्याचा बंदोबस्त अ‍ॅडकॉक यांच्या १९१९ मधील आकाशकाने झाला होता, पण त्याचे उभे खांब विमानावर बसविणे शक्य नव्हते. दुसरा दोष विजेचा. मॉन्सूनपूर्व वादळांत काटा प्रेषक सोडून गडगडणाऱ्या ढगाकडे वळतो, म्हणजे जे टाळावयाचे त्याच्याकडेच बोट दाखवितो. वैशाख-ज्येष्ठातील विदर्भाचे आकाश ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

व्ही. ओ. आर. व डी. एम. ई. : दुसऱ्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने अतिउच्च कंप्रतेची सर्वदिशी पद्धती (व्ही. ओ. आर.) प्रमाण म्हणून स्वीकारली. ही १०८ ते ११८ मेगॅहर्ट्झ या पट्ट्यात चालते. केंद्र ३० हर्ट्झचे दोन संकेत पाठविते. एकाची कला सर्व दिशांना सारखी असते, तर दुसऱ्याची दिशेनुसार बदलते. दोन कलांमधील फरक म्हणजेच केंद्रापासून विमानाची दिशा. या कंप्रतेवर आयनांबराचा वा विजेचा उपद्रव जवळजवळ नसतो. मात्र तरंग सरळ रेषेत जात असल्याने पल्ला विमानाच्या उंचीवर अवलंबून असतो, ३,००० मी. उंचीवर तो सु. २२५ किमी. भरतो. अंतर मोजण्यासाठी डी. एम. ई. हे उपकरण सोबत असते. विमान स्पंद पाठविते, केंद्र ५० मायक्रोसेकंदांच्या ठराविक विलंबाने उत्तर देते व लागलेल्या एकूण वेळावरून अंतर निघते.

वर्धा शहराच्या माथ्यावर असलेल्या विमानाचे उदाहरण घेता येईल. ते नागपूर केंद्रापासून सु. २३०° दिशेस, ६० किमी. अंतरावर असते. जुन्या रेडिओ होकायंत्रात ५° चूक सामान्यच समजली जाई; एवढ्या अंतरावर तिच्यामुळे स्थान ५ किमी. सरकते, म्हणजे सेवाग्राम व वर्धा यांत फरक उरत नाही. व्ही. ओ. आर. मध्ये चूक बहुधा १° ते २° असते. डी. एम. ई. च्या स्पंदाला जाऊन येण्यास, ठराविक विलंब वगळता, सु. ४०० मायक्रोसेकंद लागतात आणि अंतर काहीशे मीटरांपर्यंत अचूक कळते.

एका व्ही. ओ. आर. केंद्रावरून केवळ दिशा कळते. स्थान ठरविण्यास दुसऱ्या केंद्राची दिशा किंवा अंतर हवे. २४ जानेवारी १९६६ रोजी एअर इंडियाचे ‘कांचनजंघा’ हे बोइंग ७०७ विमान जिनीव्हाकडे उतरत असता माँ ब्लाँ शिखराजवळ आदळले व त्यातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. होमी भाभा त्यांत होते. विमानातील एक व्ही. ओ. आर. ग्राही नादुरुस्त आहे, हे वैमानिकाला बेरूत सोडतानाच माहीत होते. चौकशीत असे आढळले, की त्याने शिखराच्या संदर्भात स्वतःचे स्थान चुकीचे धरले. जमिनीवरील रडार नियंत्रकाने ही चूक ओळखली होती व तशी सूचनाही दिली. परंतु तिची शब्दयोजना पुरेशी नेमकी नसल्याने डोंगराची धार ओलांडली आहे असा वैमानिकाचा समज झाला व त्याने उतरणे चालू ठेवले. दोष केवळ उपकरणाचा म्हणता येत नाही. पण दुसरा ग्राही चालू असता तर या संदिग्ध वाक्यावर विसंबावे लागले नसते, असे दिसते.

धावपट्टीच्या अखेरच्या टप्प्यासाठी आय. एल. एस. पद्धती वापरतात. तिच्यात एक शलाका मध्यरेषा व दुसरी सु. ३° चा उतार दाखविते. दोन्हींत ९० व १५० हर्ट्झच्या स्वरांची तुलना केली जाते. पहिल्या श्रेणीत जमिनीपासून ६० मी. उंचीपर्यंत धावपट्टी दिसली नाही, तर वैमानिकाने पुन्हा वर जावयाचे असते.

उपग्रहीय पद्धती : अमेरिकेची जी. पी. एस. पद्धती १९९५ मध्ये पूर्णपणे कार्यान्वित झाली. तिच्या संकेतांतील चुका सुधारण्यासाठी भारतीय अवकाश संशोधन संघटना व भारतीय विमानपत्तन प्राधिकरण यांनी ‘गगन’ ही पद्धती उभारली. तिच्या १५ संदर्भ केंद्रांपैकी एक नागपूर येथे आहे. येथे आयनांबर पुन्हा आडवे आले. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जाते. त्याच्या उत्तरेस व दक्षिणेस सु. १५° चुंबकीय अक्षांशांवर इलेक्ट्रॉनांची घनता कमाल असते आणि सूर्यास्तानंतर तीत पोकळ्याही निर्माण होतात. समशीतोष्ण प्रदेशासाठी केलेली गणिते मध्य भारतावर लागू पडेनात. म्हणून आयनांबराचे वेगळे, बहुस्तरीय प्रतिमान तयार करावे लागले. ‘गगन’ला मार्गावरील उड्डाणासाठी डिसेंबर २०१३ मध्ये व उतरण्याच्या मार्गदर्शनासाठी एप्रिल २०१५ मध्ये प्रमाणपत्र मिळाले. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातील किशनगढ येथे इंडिगोचे ए. टी. आर. विमान तिच्या साहाय्याने उतरविण्यात आले.

उपग्रहांचे संकेत पृथ्वीवर पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण होतात. ते दाबून टाकणे किंवा त्यांच्या जागी खोटे संकेत पेरणे फारसे अवघड नाही. युद्धग्रस्त प्रदेशांलगत असे प्रकार वारंवार आढळू लागल्याने अनेक देशांनी एन. डी. बी. प्रेषक मोडीत काढले, तरी व्ही. ओ. आर. व डी. एम. ई. केंद्रांचे किमान जाळे राखून ठेवले आहे.