नवी पेठेतील मीटर आणि लेसरची वारंवारिता

१) सोलापूरच्या नवी पेठेत ताग्यावर लोखंडी मीटरपट्टी टेकवून कापड मोजले जाते. पट्टीवर वजनमापे खात्याचा शिक्का असतो. पण त्या शिक्क्यामागचा मूळ मीटर कोठे आहे?

२) भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारली, तेव्हा मीटर म्हणजे पॅरिसजवळ जपलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या दांड्यावरील दोन रेघांमधले अंतर होते. १९६० मध्ये त्याची जागा क्रिप्टॉन-८६ या वायूच्या प्रकाशलहरींनी घेतली.

३) त्याच वर्षी पहिला लेसर प्रकाशला. त्याचा प्रकाश अधिक शुद्ध खरा, पण चंचल. त्याची वारंवारिता आरशांमधील अंतरावर अवलंबून असते. सेकंदाला सुमारे ८८ लाख कोटी कंपने असलेल्या लेसरचे आरसे एक मीटर अंतरावर असतील, आणि त्यांतील एक मीटरच्या अब्जांशाइतका सरकला, तरी वारंवारिता ८८ हजार हर्ट्‌झने ढळते.

४) १९६९ मध्ये बार्गर आणि हॉल यांनी या लेसरला मिथेन वायूची वेसण घातली. मिथेनचा रेणू ठरावीक वारंवारितेचाच प्रकाश शोषतो. लेसर ढळला की शोषण बदलते आणि विद्युतयंत्रणा आरसा पुन्हा जागेवर आणते.

५) आता प्रश्न मोजणीचा. सीझियम घड्याळाची ९,१९,२६,३१,७७० कंपने आणि हा लेसर यांत साडेनऊ हजार पटींहून अधिक अंतर. ते ओलांडण्यासाठी लेसरांची साखळी जोडावी लागली. तिच्यातील एक कडी होती कार्बन डायॉक्साइड लेसर. त्याचे जनक कुमार पटेल १९३८ मध्ये बारामतीत जन्मले, १९५८ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले आणि १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत त्यांनी हा लेसर सिद्ध केला.

६) १९७२ मध्ये बोल्डर येथे केनेथ इव्हेन्सन व सहकाऱ्यांनी मिथेन-स्थिर लेसरची वारंवारिता मोजली. तिला तरंगलांबीने गुणून प्रकाशाचा वेग पूर्वीपेक्षा सुमारे शंभरपट अचूक मिळाला. उरलेली अनिश्चितता मुख्यतः क्रिप्टॉनच्या मीटरचीच होती! मोजणारी पट्टीच मोजमापाहून ढोबळ ठरली.

७) म्हणून १९८३ मध्ये क्रम उलटला. प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असा कायमचा ठरवला गेला आणि मीटर त्यावरून काढला जाऊ लागला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत तो आयोडीनने स्थिर केलेल्या लेसरने साकारला जातो.

८) नवी पेठेतील पट्टीचा मूळ मीटर आज कोणत्याही तिजोरीत नाही. जो प्रकाश साऱ्यांना सारखाच मिळतो, त्यावर तो उभा आहे. म्हणूनच तो कोणा एका देशाच्या मालकीचा राहिला नाही.